फेरातला शेवटचा गडी

डिसेंबरमधला पहिला शनिवार. काम — सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर बंधारा घालायचा. ठिकाण — पेठ तालुक्यातला एक पाडा, नाशिकहून दीड-दोन तास.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी शाळेत सायन्स शिकवते. मांजर आडवं गेलं तर मांजराला हाकलते आणि पुढे जाते.

आमच्या इंदिरानगरच्या ग्रुपबरोबर मी आणि माझा नवरा सुधीर दरवर्षी या कामाला यायचो. मागच्या उन्हाळ्यात तो गेला... हार्ट अटॅक. यंदा मी एवढ्यासाठीच आले होते, की त्याचे गमबूट पाड्यावर कुणाला तरी द्यायचे आणि विषय संपवायचा. पुन्हा यायचं नव्हतं.

पहिल्या दिवसाचं काम दुपारी उरकलं, बाकीचा बंधारा रविवारी सकाळी. जेवण दरवर्षीप्रमाणे पाड्यावरच्या तुळसाबाईंच्या अंगणात. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं, खुरासणीची चटणी.

"भाऊ नाय, तं भाकर उरंल यंदा," त्या म्हणाल्या.

खरंच होतं. सुधीर एकटा तिघांचं खायचा. "उरली तर बांधून द्या," मी म्हटलं. अजून काय म्हणणार?

मग पावरी. भोपळ्याचं, पुढे कर्ण्यासारखं तोंड असलेलं फुंकायचं वाद्य. वाजवणारा पुढे, मागे सगळे एकमेकांच्या कमरेला हात घालून अनवाणी फेर धरतात. साखळी तुटू नये म्हणून तो सारखा वळून शेपटाकडे बघत असतो. मी मुद्दाम शेवटी उभी राहिले — केव्हाही सुटता यावं म्हणून. माझ्या डावीकडे कुणी नव्हतं.

थोड्या वेळाने डाव्या पायावर पाय पडला. मग पुन्हा... ठेक्याच्या नेमका मागून. सुधीर असाच नाचायचा. सगळ्यांचं पाऊल पडून गेलं की मग याचं, तेही माझ्या पायावर. "अरे, खाली बघ ना!" मी दरवर्षी ओरडायचे.

त्या दिवशी मीच खाली पाहिलं. सारवलेली जमीन आणि माझा पाय. त्याच्यावर दुसरा पाय मात्र पडतच होता. मी ओरडले नाही. सुटलेही नाही.

पावरी थांबली. वाजवणारे काशीनाथ पलीकडच्या पाड्याचे, यंदा पहिल्यांदाच आलेले. सुधीरला त्यांनी कधी पाहिलेलं नाही. घाम पुसत हसले, "शेवटचा गडी लय चुकत व्हता. त्याच्यापायी चाल धीमी केली म्या."

"शेवटी मीच होते."

"नाय ताई, तुमच्या पल्याड व्हता ना. चुकत व्हता, पन हसत व्हता."

तुळसाबाईंनी माझ्या अंगठ्याला तेल चोळलं. नख काळं पडलं होतं. कामात गोणी पडली असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं... पण काम करताना माझ्या पायात जाड बूट होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गमबूट काशीनाथांना देऊन टाकले. मापात बसले. मग हातोहात गोण्या द्यायला रांग लागली.

"काकू, डावीकडे सरका ना," ग्रुपमधली एक मुलगी म्हणाली, "मध्ये एका माणसाची जागा राहिलीय."

मी सरकले नाही. प्रत्येक गोणी जरा वाकून, लांबून घ्यावी लागली. घेतली.