वाळ्यांचं वजन

आमचं एरंडोलला धान्याचं दुकान आहे. पोतं काट्यावर चढलं की आधी बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करायचं, मग आकडा बोलायचा. सव्वीस वर्षं मी हेच करत आलो. म्हणून मुलगी पहिल्या बाळंतपणाला धुळ्याहून माहेरी आली तेव्हा बाळाच्या वजनाचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. दुकानातला लहान काटा घरी आणला, धुऊन पुसून घेतला. त्याच्यावर दहा ग्रॅमचा फरकही कळतो. टॉवेल ठेवून काटा शून्यावर आणायचो, बाळाला उघडं करून ठेवायचो आणि आकडा वहीत लिहायचो.

नात जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे होती. दहाव्या दिवशी दोन सातशे चाळीस भरली. पहिल्या दिवसांत थोडं उतरतं, हे मला माहीत होतं.

बाराव्या दिवशी बारसं झालं. माझ्या थोरल्या बहिणीने, आमच्या अक्काने, चांदीचे वाळे आणि करदोटा घातला. आमच्याकडे ही चांदी सव्वा महिना अंगावरून उतरवत नाहीत. चौदाव्या दिवशी काट्यावर दोन आठशे साठ आलं. चार दिवसांत एकशेवीस ग्रॅम! मी वही घरभर दाखवली.

मुलगी मात्र रडकुंडीला आली होती. पोर तास तास छातीला असायची. पिताना चट् चट् आवाज यायचा, ओठांच्या कडेने दूध ओघळायचं, थकून झोपायची आणि दहा मिनिटांत पुन्हा रडत उठायची. मुलीच्या छातीला चिरा पडल्या होत्या.

"बाबा, हिच्या तोंडात दूध जातच नाहीये. दिवसात चारच लंगोट ओले होतात."

"उन्हाळा आहे. घामावाटे जातं."

अक्का हसली, तिला सगळं ठीकच दिसत होतं. "भाऊ, पहिलटकरीन शे, शिकी जाई. बठ्ठं ठीक शे."

"आत्या, मी शिकतेय. पण ती नुसती चघळते."

मी वही तिच्यापुढे धरली. "हे बघ. वाढतंय. पोटात गेल्याशिवाय वाढतं का?"

तिने पोरीला पुन्हा छातीशी घेतलं. माझ्या आकड्यावर या घरात कोणी कधी शंका घेतलेली नाही. आरोग्य केंद्राच्या आशाताई झोळीचा काटा घेऊन आल्या, तर मीच म्हणालो, "ताई, तो राहू द्या, आमचा बारीक आहे." त्यांनी माझ्या वहीतला आकडा त्यांच्या कागदावर उतरवून घेतला. एकविसाव्या दिवशी दोन आठशे ऐंशी. अठ्ठाविसाव्या दिवशी बरोबर दोन नऊशे. जन्माचं वजन भरून आलं म्हणून मी पेढे आणले. मुलीने पेढा हातात घेतला, खाल्ला नाही.

तिसाव्या दिवशी पोर रडेनाशीच झाली. नुसती पडून राहायची. मुलगी मला न विचारता उठली आणि रिक्षा बोलावली. आम्ही जळगावला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. नर्सने आधी वाळे आणि करदोटा काढून माझ्या हातात दिले, मग पोरीला काट्यावर ठेवलं. दोन सातशे नव्वद.

"तुमचा काटा चुकतोय," मी म्हणालो.

"आजोबा, चांदी वजा केली होती का?"

माझी मूठ मिटलेली होती. तिच्यात एकशेदहा ग्रॅम होते.

डॉक्टरांनी पोरीच्या जिभेखाली बोट घातलं. ती रडली तेव्हा त्यांनी दाखवलं: जीभ हिरडीच्या पुढे येतच नव्हती, टोकाला मधोमध खाच पडत होती. खालची पातळ पट्टी जिभेला धरून होती. ती कापायला काही सेकंदही लागले नाहीत. "दुसऱ्या आठवड्यात आणायला हवं होतं," ते म्हणाले. "महिनाभर ओढ नीट मिळाली नाही, दूध आटत चाललंय. प्रयत्न करा. तोवर वरचं दूध द्यावंच लागेल."

मुलीने तीन आठवडे प्रयत्न केला. दर तीन तासांनी पंप लावायची. वीस मिली, पंधरा, दहा. पुढे बाटलीचा तळही ओला होईना. पोरीलाही आता छातीची गोडी राहिली नव्हती, जवळ घेतलं की मान फिरवायची. स्वतः पाजायचं, एवढी एकच हौस माझ्या मुलीने लग्नाआधीपासून बोलून दाखवली होती. एके सकाळी तिने पंप धुऊन डब्यात ठेवला आणि पुन्हा काढला नाही. पोरीला बाटली माझी बायको द्यायची. त्या वेळी मुलगी खिडकीकडे तोंड करून बसायची.

मी एकदा म्हणालो, "माझं चुकलं."

"तुम्ही मोजत होतात, बाबा," ती म्हणाली.

ती धुळ्याला परत गेली. मी दर रविवारी फोन करून नातीचं वजन विचारतो.

"वाढतंय," ती म्हणते. आकडा सांगत नाही.