घोडीशी माझं वैर

मी अकरा वर्षांची असताना माझं एका घोडीशी वैर होतं. तिला ते माहीतही नव्हतं, याचाच जास्त राग यायचा.

आम्ही शारजाला राहायचो. बाबा जनावरांचे डॉक्टर, एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, खासगी तबेल्यात नोकरीला. तबेल्यात वीसेक घोडे होते, पण घरी बोलणं एकाच पांढऱ्या अरबी घोडीचं. वाळवंटातलं जुनं, शुद्ध रक्त. अशी जनावरं आता शोधूनही सापडत नाहीत, असं बाबा जेवताना सांगायचे. "हिची आई कोण, आजी कोण, पणजी कोण, वाळवंटातल्या बदू टोळ्यांना तोंडपाठ असतं," ते एकदा म्हणाले.

मी विचारलं, "माझ्या पणजीचं नाव काय?"

बाबांना आठवेना. ते हसले. मी नाही हसले.

शाळेच्या नाटकात मला मोठं काम मिळालं होतं. बाबा आले ते पडदा पडल्यावर, बुटांना वाळलेलं गवत चिकटलेलं. घोडीच्या खुराला गळू झालं होतं म्हणे.

मग एका शुक्रवारी आमचं खोर फक्कानच्या समुद्रावर जायचं ठरलं. बाबा आंघोळीला गेले आणि त्यांचा पेजर वाजला. कोणासाठी वाजतोय ते मला कळलं. मी तो उचलला आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसला.

अर्ध्या वाटेत बाबांनी खिसे चाचपले. आई म्हणाली, "राहू द्या हो आज." त्या दिवशी बाबा कमरेइतक्या पाण्यात माझा हात धरून उभे राहिले, लाटा मोजत. इतकी सुखी मी क्वचितच झाले असेन.

संध्याकाळी आईने खिचडीसाठी डबा उघडला, तर तांदूळ गुरगुरत होते.

बाबांनी आधी तबेल्यात फोन केला. घोडीला सकाळपासून पोटशूळ उठला होता. दुपारी दुबईहून दुसरा डॉक्टर आला, म्हणून ती वाचली. फोन ठेवून बाबा माझ्याकडे वळले.

"तू ठेवलास?"

"यस."

"का?"

"बिकॉज यू लव्ह हर मोअर."

ते ओरडले नाहीत. गाडीची किल्ली घेऊन म्हणाले, "चल."

घोडी मान खाली घालून उभी होती. घाम वाळून अंगावर मिठाचे पट्टे उठले होते. घोड्यांची निगा राखणारा म्हातारा पठाण साईस म्हणाला, "डॉक्टरसाब, सुबह से गेट की तरफ देख रही थी." बाबांनी दोरी माझ्या हातात दिली. "हळूहळू फिरव हिला."

मी फिरवलं. एवढं मोठं जनावर माझ्यामागून मुकाट चालत होतं. वळणावर तिने गरम नाकपुड्या माझ्या खांद्याला टेकवल्या आणि मला रडू आलं. तेवढ्यात बाबा पलीकडून म्हणाले, "आलो गं राणी, आलो." तिचे कान ताठ झाले, मला ओढतच ती त्यांच्याकडे गेली. त्या आवाजात बाबा माझ्याशी कधी बोलले नव्हते. रडू तिथल्या तिथे आटलं. बाबांना मी सॉरी म्हटलं. तिला नाही.

अरबाब आले तेव्हा मी बाबांच्या मागे लपले. बाबा म्हणाले, "पेजर मी घरी विसरलो. चूक माझी." अरबाब "खलास", म्हणजे विषय संपला, एवढंच म्हणून निघून गेले. परतताना गाडीत मला लाज वाटत होती, आणि त्याखाली, खरं सांगायचं तर, थोडा आनंदही. माझ्यासाठी बाबा खोटं बोलले होते.

पुढच्या वर्षी अरबाबांनी ती घोडी फुजैराजवळच्या शेतावर हलवली. मला वाटलं, सुटले. पण बाबा एक शुक्रवार सोडून एक, डोंगर ओलांडून तिला बघायला जाऊ लागले. मीही पुढच्या सीटवर बसून सोबत जायचे, वर्षानुवर्षं. पोरीला घोड्यांचा लळा लागला, असं आई शेजारणींना कौतुकाने सांगायची.

लळा कसला! मी पाळत ठेवायला जात होते.