फुकट वडा

लातूर नवा जिल्हा झाला, पण दुष्काळात नळ कोरडेच होते. टँकरच्या रांगेत माझ्यापुढं रोज एक मावशी पालथ्या घागरीवर बसून मिश्री लावायची. कॉलेजात जर्मन शिकावं की रशियन, हे मी एकदा तिलाच विचारलं.

"पाणी कुठं लई हाय?"

"रशियात. बर्फच बर्फ."

"मग तीच शिक, अन् तिकडंच ऱ्हा. रांगेत एक घागर कमी हुईल."

पहिल्याच तासाला कळलं, रशियनमध्ये पाण्याला जवळपास ‘वडा’च म्हणतात. मी तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी टँकर दिसताच ती चौकाकडं हात करून ओरडली, "वडा आला! फुकट वडा!"

आमच्यापुढची सगळी रांग चौकाकडं पळाली. तिची घागर पहिली भरली, माझी दुसरी.

"मावशी, खोटं बोललात?"

"खोटं कुठं? रशियन बोलले की!"