एक जूनची मावशी

पारूबाई वर्षभर अनवाणी वावरायच्या आणि मे महिना लागला की ट्रंकेतून चपला काढायच्या. चपला निघाल्या की आम्ही ओळखायचो, मावशीचा सीझन सुरू झाला.

उल्हासनगरच्या आमच्या मुलींच्या बालगृहात त्या स्वयंपाकीण होत्या. ज्या पोरीची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसे, तिच्या नावापुढे एक जून लिहीत. त्यामुळे आम्ही निम्म्या पोरी एकाच दिवशी जन्मलो होतो आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की त्याच दिवशी रस्त्यावर यायचो. सरकार अगदीच निर्दय नव्हतं हो! बाहेर पडणाऱ्या मुलीला सहा महिन्यांचं खोलीभाडं द्यायची योजना होती. फक्त अर्जाला भाड्याची पावती जोडायची, म्हणजे खोली आधी घ्यायची. आणि वर वडिलांची सही. "वडील नाहीत," असं मी सांगितलं, तेव्हा अर्ज घेणारे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "मग वडिलांचं तसं पत्र आण."

लग्नाचं मात्र असं नव्हतं. त्याला अर्धा कागद पुरायचा. नव्वद साली बदलापूरचा एक बिजवर मला बघून गेला होता, दोन मुलांचा बाप. बालगृहाच्या समितीला तो फार पसंत पडला, कारण त्याचं स्वतःचं घर होतं. एक जूनपर्यंत खोली मिळाली नाही तर मी त्याच्या घरी जाणार, हे ठरल्यात जमा होतं. मला उल्हासनगरातल्याच कॅम्प पाच या वस्तीत कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाचं काम लागलं होतं. मला लग्न नको होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जाऊन मी रडत बसले.

"रडतेस कशाला गो?" भाकरी थापता थापता पारूबाई म्हणाल्या. "सरकारला बाप लागतो, घरमालकाला मावशी चालते. चल."

कॅम्प पाचमध्ये कमला आँटींची खोली रिकामी होती. आँटी सिंधी, घरीच पापड लाटून विकायच्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लड़की के घर में कौन है?"

"मी आहे ना, सख्खी मावशी!" पारूबाई म्हणाल्या आणि एका दमात त्यांनी माझं अख्खं कुळ उभं केलं. वडील दुबईला, आई वांगणीला शेतावर, भाऊ फौजेत. एवढं मोठं कुटुंब मला जन्मात पहिल्यांदाच मिळत होतं. ऐकता ऐकता मलाच त्या भावाची काळजी वाटायला लागली.

"भाई फौज में, तो राखी?" आँटींनी विचारलं.

"पोस्टाने जाते," पारूबाईंचं उत्तर तयार.

खोली मिळाली. बिजवर हात हलवत परत गेला. माझी वळकटी खोलीत टाकून पारूबाई निघाल्या, तेव्हा दारात म्हणाल्या, "आता ऐक. दिवाळीच्या आधी मला मारून टाक."

मी हबकलेच.

"अगो, मावशी म्हटली की सणाला यायला हवी. नाही आली तर लोक चौकशा करतील, हापिसात कळलं तर माझी नोकरी जाईल. मेलेल्या मावशीला कोण फराळाला बोलावतो?"

दरवर्षी त्या असंच सांगायच्या म्हणे. माझ्याआधीच्या पोरींनी त्यांना कावीळ, साप आणि एसटी, अशा तिन्ही प्रकारे मारलेलं होतं.

दिवाळीला आठवडा राहिला तेव्हा मी आँटींकडे गेले. "मावशी गेली," म्हटलं, आणि मला खरंच रडू फुटलं. माझ्यासाठी कुणापुढेही खोटं बोलायला तयार असलेलं जगात ते एकच माणूस, आणि त्याला मी स्वतःच्या तोंडाने मारत होते.

आँटींनी लाटणं खाली ठेवलं. "कैसे गई?"

"अटॅकने."

"अच्छा. पिछले साल तो साँप से गई थी."

माझं रडू जागच्या जागी थांबलं.

"कॅम्प एक में मेरी बहन की किरायेदार थी ना, उसकी भी यही मौसी. चाय मैंने ही पिलाई थी उसको. तुझे लेके आई तभी पहचान लिया था."

"मग खोली का दिलीत?"

"अरे, हम लोग सिंध से आए तो कैंप की बराक में कमरा मिले, इस वास्ते फॉर्म में क्या-क्या झूठ लिखा, वो कौन पूछने आया?" आँटींनी पुन्हा लाटणं उचललं. "उसको बोल, मरना हो गया हो तो दिवाली पे आ जाए."

माझा अर्ज अजून विचाराधीनच आहे. पारूबाई मात्र भाऊबीजेला आल्या. आँटींनी फराळाचं ताट पुढे ठेवलं, तर नुसत्या बघत बसल्या. शेवटी पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "इतक्यांदा मेले गो, पण सणाला बोलावणं पहिल्यांदाच आलं."