एकाच नावाची चार लायसन्स

खात्यातल्या तीस-बत्तीस वर्षांत शेकडो गुन्हे माझ्या हाताखालून गेले. बहुतेक फायलीबरोबरच डोक्यातूनही बंद झाले. हा एक झाला नाही. यात कुणाचंही नाव देणार नाही. एकाचं दिलं तरी ते चौघांचं दिल्यासारखं होईल. का, ते पुढे येईलच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापूर शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. थंडीचे दिवस होते. राधानगरी रस्त्यावर, आमच्या हद्दीच्या टोकाला, सकाळी सातच्या सुमारास एका जीपने मोपेडवरून दूध घालायला निघालेल्या माणसाला उडवलं. जीप थांबली नाही. मी पोचलो तेव्हा दुधाच्या किटल्या उसात पडल्या होत्या आणि रस्ता पांढरा झाला होता. त्या माणसाचा पाय मांडीपासून मोडला होता. समोरून येणाऱ्या ऊसगाडीवाल्याने नंबर पाहिला होता. तो शिकलेला नव्हता, पण आकडे ओळखत होता आणि त्याने ते घोकत घोकत ठाणं गाठलं.

आरटीओतून मालकाचं नाव आलं. ते वाचून ठाणे अंमलदार म्हणाला, "साहेब, हे कसलं नाव? आपल्याकडचं न्हाय हे." मालकाचा व्यवसाय स्वेटर विक्री, पत्ता स्वेटर बाजाराचं मैदान, कोल्हापूर.

दिवाळी सरली की तिबेटी लोक शहरात येतात, मैदानावर कनाती लावून स्वेटर विकतात आणि महाशिवरात्रीच्या आगेमागे परत जातात. निम्म्या कोल्हापूरने त्यांच्याकडचे स्वेटर घातलेत, पण ते येतात कुठून आणि जातात कुठे, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलेलं नव्हतं.

मैदानावर जायची तयारी चालली होती, तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. अंमलदाराने त्याचे शब्द स्टेशन डायरीत जसेच्या तसे उतरवले: "त्या स्वेटरवाल्यांत चौघं एकाच नावाची हायत. चौघांकडं लायसन्स हाय. नाव एक, पत्ता एक, जन्मतारीख बी एकच. सगळं बोगस. दुधवाल्याला उडवलेली जीप त्येंचीच."

अशी खबर आयती हातात पडली की अंमलदाराला आनंद होतो. मलाही झाला. मी चार शिपाई घेऊन निघालो.

खबर शब्दाशब्दाने खरी निघाली. मैदानावर त्या नावाचे चार पुरुष होते. चौघांकडे कर्नाटकातली वाहन चालवण्याची लायसन्स होती. फोटो वेगवेगळे, नाव मात्र एकच. पत्ता कर्नाटकातल्या त्यांच्या निर्वासित वसाहतीचा. जन्माची तारीख आणि महिना चौघांचा एकच, दोघांचं तर सालही एकच. जीप मात्र नव्हती. मी दरडावून म्हणालो, "आरसी काढा." म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक.

चौघांनीही खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एकेक वही काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी उघडून पाहिलं. आत त्यांचा स्वतःचा फोटो होता. ती गाडीची आरसी नव्हती, माणसाची होती. परकीय नागरिक म्हणून सरकार देतं ते नोंदणीपत्र. मला वाटलं, हे माझी चेष्टा करतायत. मी चौघांना गाडीत घातलं.

चौकशी अडली भाषेपाशी. त्यांचं हिंदी मोडकंतोडकं होतं, पण कानडी चांगलं होतं. आमच्या ठाण्यात एक हवालदार होते, गडहिंग्लजच्या पलीकडचे, लिंगायत घरातले. त्यांच्या घरात कानडीच चाले. मी त्यांना बसवून घेतलं आणि चौघांना चार खोल्यांत ठेवलं.

चौघांतला थोरला पंचेचाळिशीचा असावा. चेहऱ्यावर खूप सुरकुत्या, हात राठ, आवाज अगदी हळू. मी विचारलं, "तुमच्या चौघांचं नाव एक कसं?"

हवालदारांनी कानडीत विचारलं, ऐकून घेतलं आणि सांगितलं, "साहेब, त्येंच्यात नाव आई-बाप ठेवत न्हाईत. लेकरू त्येंच्या मोठ्या गुरूंकडं न्यायचं, ते देतील ते नाव. एका गुरूंनी हजार पोरांना एकच नाव दिलेलं असतंय. आडनाव न्हाईच."

"आणि जन्मतारीख? ती पण गुरूंनी दिली?"

थोरला जे बोलला ते हवालदार तुकड्यातुकड्याने सांगत गेले. तो चार-पाच वर्षांचा असताना त्याच्या आईने त्याला घेऊन देश सोडला. बर्फातून चालत. किती दिवस ते त्याला आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की आई त्याचे पाय रोज स्वतःच्या पोटाशी धरून गरम करायची. धाकटी बहीण वाटेत गेली. भारतात आल्यावर हिमाचलात सरकारचे रस्ते चालले होते, तिथे आई खडी फोडायला लागली. कारकून आला, पोरांना रांगेत उभं केलं आणि जन्मतारीख विचारली. आयांना ती सांगता येईना. त्यांचं पंचांग वेगळं. कोणी म्हणे घोड्याचं वर्ष, कोणी म्हणे पहिला बर्फ पडला तेव्हा. मग कारकुनाने दात बघून साल ठरवलं आणि सगळ्या रांगेला एकच तारीख दिली. बाकीच्या तिघांचा जन्म अशाच रस्त्याकडेच्या तंबूंतला, तारीख त्यांनाही तीच मिळाली.

मी हसलो. म्हणालो, "गोष्ट चांगली आहे. दात बघून साल, आणि रांगेला एक तारीख!"

हवालदार हसले नाहीत. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे होते. त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, राग मानू नका. तुमची जन्मतारीख काय हो?"

"एक जून."

"माझीबी एक जून. रायटरची एक जून. अंमलदाराची बी. आमच्या मास्तरांनी एका दिवसात अख्खा वर्ग जन्माला घातलाय की."

माझी आई सांगायची, मी भात कापणीच्या दिवसांत जन्मलो. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. शाळेत घालायच्या दिवशी गुरुजींनी माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघितलं, लागला, आणि एक जून लिहून टाकलं. तीच तारीख घेऊन मी फौजदार झालो होतो. माझ्यावर कधी कुणी बोगस म्हणून संशय घेतला नव्हता.

तरीही गुन्हा होताच. दवाखान्यात दुधवाल्याची बायको रोज मला गाठायची. शहरात बातमी पसरलेली होती. ती म्हणाली, "सायेब, गाडीचा मालक घावलाय म्हणं. परदेशी हाय म्हणं. त्येला सोडू नका. आमच्या चार म्हशी हायत, धारा मी काढीन, पर दूध घालायला कोण जाईल?"

चौघांना दर सकाळी दहाला ठाण्यात हजर राहायला सांगून मी सोडलं. थोरला पावणेदहाला येऊन बाकावर बसायचा. हंगाम ऐन भरात होता, त्यांचं दुकान बंद होतं. त्याने एकदाही तक्रार केली नाही.

दोन दिवसांनी जीपच्या नोंदणीची मूळ कागदपत्रं हाती आली. अर्जासोबत थोरल्याच्याच वहीची झेरॉक्स जोडलेली होती. नंबर जुळला. म्हणजे मालक हाच. मी त्याची वही मागून घेतली आणि आरोपीची वही म्हणून पान न् पान बघू लागलो.

ते वाचताना मला काय झालं, ते नीट सांगता येणार नाही. ती एक वही नव्हती. एक भरली की दुसरी तिला शिवलेली, अशा तीन होत्या. दर वर्षीचं नूतनीकरण, शिक्का, सही. वसाहत सोडली त्याची तारीख, कोल्हापुरात पोचल्याची, इथून निघाल्याची, परत पोचल्याची. आमच्याच पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परकीय नागरिक शाखेचे शिक्के दर हिवाळ्याला दोन. वीस-बावीस वर्षांत एक नोंद चुकलेली नव्हती. शाखेतल्या रजिस्टरशी मी ताडून पाहिलं. आमच्या रजिस्टरमध्ये दोन ठिकाणी तारीख खोडलेली होती, त्याच्या वहीत कुठेही नाही. लग्न झालं ते त्यात, मुलगी झाली ती त्यात. आई वारली तेव्हा तीन दिवसांसाठी बाहेर जायची परवानगी, तीही त्यात. एका माणसाचं सबंध आयुष्य पोलिसांच्या शिक्क्यांत लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आणि जीपचा अर्ज होता जुलैतला. फेब्रुवारी ते ऑक्टोबर त्या वर्षी वसाहत सोडल्याची एकही नोंद नव्हती. मी कर्नाटक पोलिसांना बिनतारी संदेश पाठवला. उत्तर आलं, जुलैत तो वसाहतीतच होता, मका लावत होता. मग अर्जावरची सही पाहिली. ती इंग्रजीत, झोकात केलेली होती. मी थोरल्याला कोरा कागद दिला. त्याने जीभ ओठांत धरून सही केली, त्याच्या लिपीत, दोरीवरून धुणं लोंबावं तशी. लायसन्सवर तीच, वहीच्या पहिल्या पानावर तीच. तो म्हणाला, "साहेब, मला दुसऱ्या अक्षरात लिहिताच येत नाही."

मी आरटीओतल्या एका जुन्या अधीक्षकांकडे गेलो. मला वाटत होतं, परकीय माणसाला आपल्याकडे लायसन्स मिळतंच कसं? त्यांनी कायद्याचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "वाचा. इथं 'नागरिक' म्हटलंय का? 'व्यक्ती' म्हटलंय. वय, राहायचा पत्ता आणि गाडी चालवता येते का, एवढंच आम्ही बघतो. रीतसर वास्तव्य असलं तर गाडीही नावावर करता येते." वीस वर्षं मी लायसन्स तपासत होतो आणि हा शब्द मी कधी वाचला नव्हता.

ठाण्यात येऊन मी स्टेशन डायरी पुन्हा काढली. 'जन्मतारीख बी एकच.' मैदानावर स्वेटर घेणाऱ्याला विकणाऱ्याची जन्मतारीख कशी कळेल? ज्याने कागद हाताळले त्यालाच. मी थोरल्याला विचारलं, "तुमच्या वह्यांची झेरॉक्स कुणाला दिली होती?"

त्याला लगेच आठवलं. मागल्या हिवाळ्यात चौघांनी मिळून माल आणायला जुनी जीप घ्यायचं ठरवलं होतं. स्टँडजवळ टेबल टाकून बसणाऱ्या एका एजंटाने चौघांच्या वह्या आणि लायसन्सच्या झेरॉक्स घेतल्या आणि आठवड्याने सांगितलं, परदेशी लोकांना गाडी घेता येत नाही. त्यांनी विश्वास ठेवला. झेरॉक्स त्याच्याकडेच राहिल्या.

त्या टेबलासमोर फोनचं बूथ होतं. बूथवाल्याने सांगितलं, अपघाताच्या दिवशी एजंटाने तिथून ठाण्याला फोन लावला होता. एजंटाला आणला. सुरुवातीला तो आम्हालाच दम देत होता. मी त्याच्यापुढे अर्जावरची सही आणि त्याच्या टेबलावर सापडलेला सरावाचा कागद ठेवला, तसा तो बोलू लागला. जीप परराज्यातून चोरून आणलेली होती. खोटं ना-हरकत प्रमाणपत्र बनवून त्याने ती थोरल्याच्या नावावर चढवली होती, कारण मालक वर्षातले आठ महिने गावात नसतो आणि असला तरी त्याचं कोण ऐकणार? वडाप म्हणून, म्हणजे सीटवर प्रवासी भरून, ती त्याचा मेव्हणा चालवायचा. मुरगूडजवळच्या एका बंद गुऱ्हाळात जीप सापडली, पुढचा दिवा फुटलेला. मेव्हणाही तिथेच सापडला.

दुधवाल्याच्या बायकोला सांगायला मी स्वतः गेलो. ती ऐकून म्हणाली, "म्हंजी आपलाच माणूस व्हय?"

मी थोरल्याला बोलावून खुर्ची दिली. इतके दिवस तो बाकावर बसला होता. मी म्हणालो, "तुमच्यावर काही नाही. जा, दुकान उघडा." तो उठला नाही. हवालदारांशी बोलला. हवालदार म्हणाले, "साहेब, ते म्हणतायत, जीप अजून त्येंच्या नावावर हाय."

"आता काय काळजी? गुन्हेगार पकडलाय."

थोरल्याने वहीवर हात ठेवला. "साहेब, आम्हाला देश नाही, जमीन नाही. या वहीत जे लिहिलंय, तेवढाच मी. आईने मला सांगितलं होतं, या लोकांनी आपल्याला जागा दिली, त्यांच्या कागदात आपल्याकडून खोटं काही जाऊ देऊ नकोस. माझ्या नावावर काही नाही, हे खरं आहे. ते खरं राहू द्या."

मग बोलता बोलता त्याने आणखी एक सांगितलं. तरुणपणी त्याला उत्तरेत एका ट्रकवर नोकरी लागली आणि पहिलीच फेरी निघाली ती हिमाचलातल्या त्याच रस्त्याने, ज्याची खडी त्याच्या आईने फोडली होती. तो म्हणाला, "मी फार हळू चालवली. मागचे हॉर्न देत होते."

आयुष्यात मी फार मोठमोठी माणसं जवळून पाहिली, बंदोबस्तात त्यांच्या मागे उभा राहिलो. त्यांच्यापैकी कुणापुढे मला इतकं लहान वाटलं नव्हतं.

नोंदणी रद्द करायचं पत्र मी त्याच दिवशी दिलं. काम कोर्टातून व्हायचं होतं, वेळ लागला. पुढच्या हिवाळ्यात तो आला तेव्हा रद्द झाल्याचा कागद माझ्या टेबलात तयार होता. मी तो हवालदारांकरवी वाचून दाखवला. त्याने स्वतः बोट फिरवत आकडे ताडले, घडी घातली आणि म्हणाला, "आता माझ्या नावावर काही नाही."

नावावरची जमीन दाखवायला सातबारा घेऊन येणारी पुष्कळ माणसं मी ठाण्यात पाहिली आहेत. त्यांच्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर मी तसं समाधान पाहिलेलं नाही.

त्या प्रकरणाने मला तपासातलं नवं काही शिकवलं असं नाही. सही ताडायची, तारीख ताडायची, खबर देणाऱ्याला ते कसं कळलं हे विचारायचं, हे मला आधीही येत होतं. मी ते फक्त चार दिवस उशिरा केलं, कारण समोरची माणसं परकी दिसत होती. त्यानंतर कुणीही माझ्यापुढे कागद धरला की मी तो दोन्ही हातांनी घ्यायला लागलो. नवीन फौजदार हसायचे. मी कारण कधी सांगितलं नाही.