आरशावरची फुली

मी लिहिण्याइतका मोठा नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार ओळी लिहिल्या की तीन खोडाव्याशा वाटतात. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

बाबा इतवारीच्या बाजारात हातठेला ओढतात. आरशाचं कपाट पोचवायचं असलं की तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन ते आरशावर मोठी फुली मारतात. नाहीतर समोरून येणाऱ्याला आरशातही रस्ताच दिसतो आणि तो सरळ अंगावर येतो.

कॉलेजच्या डिजिटल कला प्रदर्शनासाठी मी त्यांच्या ठेल्याचा फोटो काढला. त्याआधी आरसा स्वच्छ दिसावा म्हणून फुली पुसली. मग तो फोटो संगणकाला दिला. माणूस दिसला की त्याच्याभोवती हिरवी चौकट काढणारा एक प्रोग्राम असतो. त्यानं आरशातल्या चहावाल्याला चौकट दिली, आरशातल्या सायकलवाल्यालाही दिली. ठेल्याच्या दांड्यावर वाकलेले, कपाटाआड अर्धेच दिसणारे बाबा मात्र सुटले. मला चित्र म्हणून ते फार आवडलं. उत्साहात घरी दाखवलं.

बाबांनी मोबाइल जवळ धरून बघितलं. "अन् मी?"

"त्याला तुम्ही दिसले नाही, बाबा."

"काहून? आरशातला चहावाला दिसते, अन् ठेला ओढणारा बाप दिसत नाही? फुली पुसाले कोणी सांगतलं होतं तुले?"

दुसऱ्या दिवशी फुलीसकट फोटो काढला. संगणकानं पुन्हा तेच केलं. फुली कशासाठी असते, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मी दोन्ही चित्रं प्रदर्शनात शेजारी-शेजारी लावली आणि बाबांना बघायला या म्हटलं.

"मी काहून येऊ गा? तुझ्या मशीनच्या हिशेबानं मी तिथं नाहीच."

आई हसली. बाबा हसले नाहीत. बक्षिसाचं माझ्या मनातही नव्हतं; त्यांनी एकदा यावं, एवढंच वाटत होतं. पण पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेर आलो तर वर्गमित्राचा फोन.

"अबे, कुठं आहे तू? तुझे बाबा येऊन गेले. तुझ्या चित्रासमोर बहुत वेळ उभे होते. अन् जाताना हॉलच्या काचेच्या दारावर चुन्यानं ही मोठी फुली मारून गेले! सकाळपासून तिघं धडकले होते ना त्याच्यावर. शिपाई पुसाले धावला, तर प्रदर्शनवाल्या मॅडमनं त्याले थांबवलं."