मामाचं सहावं पान

माझ्या मामाला प्रोग्रामिंगच्या सहा भाषांची पहिली पाच पानं तोंडपाठ आहेत. सहावं पान त्याने कुठल्याच भाषेचं पाहिलेलं नाही. पालीजवळच्या त्याच्या हापूसच्या बागेला मोहोर आला की दरवर्षी एक व्यापारी येऊन सगळी बाग ठरवून जायचा. यंदा मामाने त्याला अंगणातूनच परत पाठवलं. "आता वेबसाइट! झाडावरून थेट गिऱ्हाइकाच्या घरी." ती बनवणार मामा स्वतः, फक्त कुठल्या भाषेत, तेवढं ठरायचं होतं.

नवी भाषा म्हणजे नवी वही, वहीला हळदकुंकू, आणि चहाला येईल त्याचा सल्ला. पुण्याचा जावई पायथन म्हणाला की पायथन. पोस्टमनचा भाचा पीएचपी म्हणाला की पायथनची वही मामीच्या वाणसामानाला. मार्चमध्ये जावास्क्रिप्ट की पुन्हा पायथन यावर घोडं अडलं, तेव्हा मामाने थेट ग्रामदेवीला कौल लावला. गुरवकाकांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली, "आई, उजवं पडलं तर जावास्क्रिप्ट," असं न अडखळता गाऱ्हाणं घातलं, आणि उजवं फूल पडलं. मामाचा चेहराही. "परत एकदा विचारा की."

"मेल्या, देवीनं सांगितलान ना! तिला काय तुझ्यासारखा वेळ आहे?"

घरी मामी म्हणाली, "आंबा पिकत आला, तुमची भाषा अजून कैरीच."

मामाने सल्ला विचारला नाही असं माणूस एकच, मी. वेबसाइट बनवणं ही माझी नोकरी; लॅपटॉप घेऊन मी त्याच्याच पडवीत बसायचे. "हिचं सगळं इंग्रजी शाळेतलं," असं तो कौतुकाने म्हणायचा आणि विषय संपायचा. मीही त्याच्या वह्या बघून मनात हसायचे आणि गप्प बसायचे. गप्प बसणं मला छान जमतं.

एप्रिलमध्ये घर आढीच्या वासाने भरलं. व्यापारी पुन्हा आला आणि या वेळी स्वतःच खुर्ची ओढून बसला. पेट्या टेम्पोत चढत होत्या, मामा वही घेऊन पायरीवर बसला होता. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "मामा, कुठलीही भाषा चालली असती. सहावं पान उघडायचं होतं, एवढंच."

"अगो, मग जानेवारीत तोंडात काय गरा होता?"

जूनमध्ये मामाची वेबसाइट सुरू झाली, देवीने सांगितलेल्या भाषेत. एकच पान, त्यावर आंब्याचा आडवा झालेला फोटो, "यंदाचा आंबा संपला, क्षमस्व," आणि कोपऱ्यात किती जण येऊन गेले त्याचा आकडा. मी ते पान रोज सकाळी एकदा उघडते. मग मामा आत मामीला सांगायला जातो, आजही एक गिऱ्हाईक येऊन गेलं म्हणून.